वाट निवडावी ती कोणाच्या पावलांनी?

श्रावण सरत आला आणि शेतावरची कामे थोडी सैल झाली, की आपल्याकडील बहुतेक एकत्र कुटुंबांतून एक बेत निघतो, "या खेपेस सर्वांनी मिळून कोठे तरी पायी हिंडावयास जावयाचे!" बेत उत्तम असतो. स्थळ मात्र ठरवितात घरातील विशी-पंचविशीचे तरुण. मग निघण्याच्या आदल्या रात्री कळते, की आजींचे गुडघे धरले असल्याने त्या घरीच राहणार. त्यांना एकटे कसे ठेवावे म्हणून धाकट्या सूनबाई राहणार. आणि त्यांचे लहान मूल अर्थातच त्यांच्यापाशी. "सर्वांनी मिळून" या दोन शब्दांतून तीन माणसे अशी मुकाट्याने गळतात. कोणी रागावत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. असे चार-पाच वेळा घडले, म्हणजे आजींना विचारण्याची रीतही घरातून नाहीशी होते.

आमच्या वाचकांस आज इतकेच सुचवावयाचे आहे, की वाट निवडताना पहिले माप घ्यावे ते घरातील सर्वांत मंद पावलाचे आणि दुसरे ऋतूचे. ही दोन मापे हाती असली, की मुरूमसारख्या गावातून सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल अशी स्थळे बाराही महिने सापडतात. त्यांसाठी सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत जावे लागत नाही.

प्रथम पावलाचे माप. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाचे जे प्रमाण सांगितले आहे, ते आम्हांस या कामी फार उपयोगाचे वाटते. बलवान मनुष्यानेही शीतकाळी आणि वसंतात आपल्या निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा आणि अन्य ऋतूंत त्याहूनही सौम्य करावा, असा त्याचा आशय आहे. कपाळावर, नाकावर घाम येऊ लागला, तोंड कोरडे पडू लागले, की अर्धी शक्ती संपली असे वैद्यमंडळी समजतात. हेच प्रमाण वाटेला लावावे. सहलीपूर्वी आठवडाभर सायंकाळी आजींना सपाट रस्त्याने त्यांच्या चालीने चालू द्यावे आणि न थकता किती वेळ चालवते ते पाहावे. तो अवधी अर्धा तास भरला, तर सहलीची त्यांची वाट जाताना पाव तासाची आणि येताना पाव तासाची, मध्ये भरपूर विसावा, अशी धरावी. पायऱ्यांचा हिशेब निराळा करावा. चढताना दम लागतो खरा, परंतु गुडघ्यांची परीक्षा होते ती उतरताना. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पन्नास पायऱ्यांच्या उतारापेक्षा अर्धा कोस सपाट रस्ता बरा.

आता जमिनीविषयी थोडेसे. आमच्या गावाचे नाव मुरूम. आणि योगायोग असा, की पावसाळ्यात वाट निवडण्याचे अर्धे शहाणपण याच शब्दात आहे. आपल्याकडे जमीन मुख्यत्वे दोन प्रकारची आढळते. सखल भागात खोल काळी माती. माळावर व टेकडीच्या उतारावर मुरमाड भूमी. काळी माती पाण्याने फुगते, वहाणांना शेरशेर चिकटते आणि बांधावरून घसरविते; उन्हाळ्यात तीच आकसून तिला अशा भेगा पडतात, की लहान मुलाचे पाऊल आत अडकावे. मुरमाड जमिनीतून पाणी लवकर निचरून जाते आणि पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत तेथे निर्धास्त चालता येते. म्हणून आषाढापासून आश्विनापर्यंत माळाची वाट धरावी. शेतातील पायवाट कार्तिकानंतरची. बेन्नीतुरेच्या काठानेही जावयाचे, तर ते पाणी उतरल्यावर.

वर्षा ऋतूतील स्थळ म्हटले, की मुरूमच्या पश्चिमेस असलेला नळदुर्गाचा किल्ला प्रथम आठवतो. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, पाणीमहाल बांधला गेला. पाऊस चांगला झाला, की बांधावरून 'नर' आणि 'मादी' हे दोन धबधबे कोसळू लागतात आणि महालाच्या सज्जातून समोर पाण्याचा पडदा दिसतो. येथील मोठी सोय अशी, की एकाच दरवाजातून आत गेल्यावर तीन प्रकारच्या चालणाऱ्यांस तीन वाटा मिळतात. धडधाकटांनी उंच उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढाव्या आणि दूरवरचा मुलूख न्याहाळावा. मध्यम चालीच्या मंडळींनी पाणीमहालापर्यंत जावे. तेथील पायऱ्या ओल्या असल्यास मुलांचा हात सोडू नये. ज्यांना पायऱ्या नकोत, त्यांनी किल्ल्याच्या आतील सपाटीवर हिंडावे, सावली पाहून बसावे आणि लांबून येणारा पाण्याचा घोष ऐकावा. जेवावयास मात्र सर्वांनी एकत्र जमावे, म्हणजे वाटा तीन झाल्या तरी सहल एकच राहते. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इ. स. १८५३ पासून काही वर्षे नळदुर्गास राहिला होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने या स्थळाचे वर्णन केले आहे. घरातील शाळकरी मुलांस हे सांगितले म्हणजे इतिहास पुस्तकातून उठून समोर उभा राहतो.

मात्र पाऊस आपल्या जिल्ह्यात पुष्कळदा भाद्रपदातच अधिक जोर करतो, हे विसरू नये. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने जो हाहाकार उडविला तो अद्याप ताजा आहे. नदीवरचे स्थळ पाहावयाचे ते पाऊस उघडून एक-दोन दिवस झाल्यावर; आणि पुलावरून पाणी जात असेल तर मोटार, एस. टी. किंवा स्वतःचे पाय, काहीही पुढे घालू नये. धबधबा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

येडशीजवळचे रामलिंग हे याच ऋतूतील दुसरे स्थळ. दरीत शंकराचे देवालय, भोवती झाडी आणि पावसात वाहते पाणी. रावणाशी झुंजून घायाळ झालेला जटायू येथेच पडला, अशी तिकडील आख्यायिका आहे. हा परिसर १९९७ पासून अभयारण्य आहे. येथे वानरांची वस्ती फार, तेव्हा शिदोरी उघडी धरून चालू नये व त्यांना खाऊही घालू नये. देवालय दरीत असल्याने आधी उतरणे आणि मग चढणे, असा क्रम येतो. परतीच्या चढासाठी शक्ती राखून ठेवणे हे येथील मुख्य पथ्य.

शरद ऋतूत तुळजापूर. कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरापर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची वाट हजारो भाविक रात्रीतून चालतात. कर्नाटकातूनही पायी येणाऱ्यांची रीघ लागते. ज्यांना सवय आहे त्यांनी अवश्य चालावे. परंतु घरातील एखादी वृद्ध स्त्री "मलाही आईच्या दारी पायी जावयाचे आहे" असे म्हणाली, तर तिला हसून गप्प करू नये. गर्दीचे दिवस टाळून, नंतरच्या एखाद्या सकाळी तिला वाहनाने गावाच्या वेशीपर्यंत न्यावे व तेथून देवळापर्यंत तिच्या पावलांनी चालू द्यावे. पायी जाण्याचे समाधान अंतराच्या मोजपट्टीत बसत नसते. येथेही महाद्वारातून पायऱ्या उतरून देवीकडे जावे लागते. परतताना त्या चढावयाच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

हेमंत आणि शिशिर हे आमच्या मते चालण्याचे राजे. मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी, ऊन कोवळे, शेतांत ज्वारी उभी आणि हुरड्याचे दिवस. या दोन महिन्यांत लेणी पाहावी. धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात सात लेण्यांचा समूह आहे. त्यांतील दुसरे लेणे सर्वांत मोठे, त्याचा मंडप सुमारे ऐंशी फूट लांब व तितकाच रुंद आहे. ती मूळची बौद्धांची की जैनांची, यावर विद्वानांत पुष्कळ चर्चा झाली. बर्जेस याने एकोणिसाव्या शतकात त्यांची पाहणी केली आणि मुनी कनकामर यांच्या अपभ्रंश भाषेतील करकंडचरिउ या काव्याशीही त्यांचा संबंध जोडला जातो. औशाकडील खरोसा येथील लेणीही अशीच बुटक्या टेकडीत कोरलेली, नवशिक्या मुलांच्या पायांना झेपणारी. लेण्यांत व किल्ल्यांत आग्यामोहोळ असण्याचा संभव असतो. तेथे धूर, आरडाओरडा आणि दगड मारणे ही तिन्ही कटाक्षाने टाळावी.

ज्यांना चढ मुळीच सोसत नाही, त्यांच्यासाठी तेर. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांच्या वृत्तांतात येणारे प्राचीन तगर. गोरोबाकाकांचे देवालय, विटांचे गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय, इतके सारे एका गावात पाहावयास मिळते. चालावे, बसावे, पुन्हा चालावे. सत्तरीच्या आजोबांना नातवाचा हात धरून दोन हजार वर्षांच्या गोष्टी सांगता येतील, असे याहून सोयीचे ठिकाण आम्हांस ठाऊक नाही.

राहिला उन्हाळा. चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत किल्ला नको, डोंगर नको. पहाटे उठून गावाबाहेरच्या रस्त्याने तासभर चालावे आणि ऊन चढण्यापूर्वी घरी यावे. त्या ऋतूची सहल एवढीच. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागताच माळावरून निघून पक्क्या घराचा आसरा घ्यावा, एकट्या झाडाखाली उभे राहू नये. आपल्या भागात दरवर्षी विजेने माणसे जातात. कोणाला घेरी आली, मळमळले, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर तो उष्माघात समजून ताबडतोब सावलीत निजवावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

शिदोरीचा भार कोणावर पडतो, तेही पाहिले पाहिजे. पहाटे तीनला उठून पंधरा माणसांचे धपाटे थापणारी सून नऊ वाजता किल्ल्याच्या दारात पोहोचते, तेव्हा तिची निम्मी शक्ती चुलीपाशीच खर्च झालेली असते. वाग्भटाचे गणित तिलाही लागू आहे. आदल्या रात्री सर्वांनी मिळून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करावी, सकाळी फिरकीचे तांबे पुरुषांनी भरावे आणि ओझे तरुणांनी उचलावे. असे केल्याने सहलीची गोडी कमी झाल्याचे आम्ही कोठे पाहिले नाही.

शेवटी एक नियम, जो प्रत्येक घराने निघण्यापूर्वी मोठ्याने बोलून ठेवावा. वाटेत कोणीही, मग ती सात वर्षांची नात असो की सत्तर वर्षांची आजी, "आता परत" असे म्हटले, तर का म्हणून विचारावयाचे नाही. त्या व्यक्तीबरोबर एकाने हसतमुखाने मागे फिरावयाचे, आणि दर खेपेस तो एक निराळा असावा. आपल्यामुळे दुसऱ्याचा विरस होईल या भीतीनेच दुबळी माणसे एक तर दम धरून आजारी पडतात, किंवा घरातूनच निघत नाहीत. ती भीती एकदा काढून टाका, आणि पुढच्या बेताच्या वेळी आजींना आधी विचारा. त्यांचे उत्तर पूर्वीपेक्षा निराळे येईल, असा आमचा भरवसा आहे.