‘साहेबांना पाठवा’ म्हणणाऱ्यांना

नाशिक हे गाड्यांचं गाव. सातपूरला महिंद्रच्या गाड्या बनतात, मायकोच्या म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर बनतात. तरी संघटनेची जुनी जीप घेऊन कार्यकर्ती गॅरेजात गेली, की मिस्त्री म्हणतो, ‘साहेबांना पाठवा.’ साहेब नसतील तर न तपासताच निकाल : ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ वर्गणीचे पैसे जातात आणि आठ दिवसांनी जीप पुन्हा ढकलावी लागते. कारण दोष बहुतेकदा बॅटरीत नसतोच, चार्जिंगमध्ये असतो.

हा फरक ओळखायला पुरुष असावं लागत नाही. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला तो सकाळी लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. आता इंजिन सुरू करा. आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास चढला पाहिजे. चढला नाही, तर पट्टा सैल आहे का, टर्मिनलवर थर साचलाय का, अर्थची वायर गंजली का, ते पाहा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे होतंच. सगळं ठीक असेल तर संशय अल्टरनेटरवर. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. चार्जिंग बरोबर असूनही सकाळी बॅटरी उतरत असेल, तर कुठेतरी करंट झिरपतोय किंवा बॅटरी खरंच संपली आहे. नवी घ्यायची ती तेव्हाच! टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह सोडा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ काडी पेटवू नका.

यात अवघड काय आहे? ज्ञान अवघड असतं म्हणून पुरुषांकडे राहत नाही. पुरुषांकडे ठेवलं जातं म्हणून अवघड वाटतं. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोने इंजिनिअरच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहून जाब विचारला, तेव्हा ते दार उघडलं. गॅरेजचं दार मात्र अजून किलकिलंच आहे.

आणि मैत्रिणींनो, आपल्या संघटनांचं काय? मोर्चा आपला, घोषणा आपल्या, गाडीची किल्ली मात्र कुणा भाऊंच्या खिशात! पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून मार खाल्लेल्या बाईचा रात्री निरोप येतो, तेव्हा भाऊंची वाट बघायची का?

प्रत्येक गटाने पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राइतकंच हे सत्रही ठेवावं. बॉनेट उघडावं, हात काळे करावेत. आणि मिस्त्रीने साहेबांना बोलवायला सांगितलं, तर आकडा सांगून विचारावं : अल्टरनेटर तपासलात का?