मेहरम नाही, म्हणून हज नाही?

बायांनो, मी पिंपळगाव राजाची. वय ४१. नवरा वारला, बाप-भाऊ नाहीत, पोटी मुलीच. शिलाई करून हजचे पैसे जमवले. पासपोर्ट काढला. मेंदूज्वराची लस टोचून घेईन, पोलिओचे थेंब घेईन, डॉक्टरचा दाखला आणीन. लाखो माणसं एका जागी जमतात, साथ पसरू नये, म्हणून हे नियम आहेत. बाई-पुरुष दोघांना सारखे. मान्य!

पण मेहरम? म्हणजे नवरा, नाही तर बाप, भाऊ, मुलगा. तो नसेल तर बाईची यात्रा अडली. २०१८ पासून आपल्या सरकारने बिनमेहरम बायांना वाट दिली. चार-चार जणींचे गट हज करून आले. पण वय ४५ च्या पुढे हवं. २०२२ मध्ये खुद्द सौदी सरकारने मेहरमची सक्ती नाही असं जाहीर केलं. तरी २०२४ च्या हजला आपल्याकडे ४५ ची अट होतीच.

घर एकटीने ओढलं, खामगावच्या बाजारात एकटी गेले, कर्ज एकटीने फेडलं. तेव्हा कुणी मेहरम विचारला नाही. अल्लाच्या घरी जायचं म्हटलं की मी अज्ञान कशी?

लस सगळ्यांना आणि पहारा फक्त बाईवर, याला काळजी म्हणू नका. ही वयाची अट काढा!