अडीचशे ओहमचा हेडफोन आणि मोबाइलचा एक व्होल्ट: अ‍ॅम्प घेण्याआधी हा हिशेब कराच

खेडच्या बाजारपेठेत ब्लूटूथ बड्स, चार्जर, स्क्रीनगार्ड हवे तेवढे मिळतात. स्टुडिओत वापरतात तसला हेडफोन मात्र दोन-तीन मॉडेल कानाला लावून, पडताळून घ्यायचा तर मुंबईच गाठावी लागते. म्हणून तो ऑनलाइन मागवला जातो. जाखडीची, नमनाची गाणी घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणारी पोरं आता कोकणात सगळीकडे आहेत. त्यांनी मोठ्या स्टुडिओंचे फोटो पाहिलेले असतात. त्यात हटकून दिसतो बायरडायनॅमिकचा डीटी ७७० किंवा डीटी ९९० प्रो, नाहीतर सेनहायझरचा एचडी ६००. पार्सल येतं, हेडफोन मोबाइलला जोडला जातो आणि आवाज येतो बारीक. मग कुणीतरी सांगतं, ‘याला अ‍ॅम्प लागतो.’ झालं, हेडफोनच्या खर्चावर आणखी तेवढाच खर्च करायची तयारी सुरू.

माझं मत असं की बहुतेकांना तो टेबलावरचा महागडा डबा लागत नाही. त्यांना लागतात फक्त दोन-अडीच व्होल्ट, आणि ते तळहातात मावणाऱ्या यूएसबी-सी डोंगलमधूनही मिळतात.

नेमकं अडतं कुठे?

साध्या इअरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, साधारण १६ ते ३२ ओहम असतो. डीटी ९९० प्रोच्या प्रसिद्ध मॉडेलचा २५० आणि एचडी ६०० चा ३००. विरोध जास्त, म्हणजे तेवढीच पॉवर पोचवायला व्होल्टेज जास्त हवं.

आता आकडे बघू. डीटी ९९० प्रो १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आवाज देतो. फोनच्या जॅकमधून किंवा साध्या डोंगलमधून जास्तीत जास्त १ व्होल्ट मिळतो असं धरा. काही फोन निम्म्यावरच थांबतात. २५० ओहमवर १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल. ऐकायला हा आकडा भरपूर वाटतो, पण ही झाली कमाल पातळी. हल्लीचं सिनेमातलं गाणं या कमाल पातळीच्या अगदी जवळ वाजत असतं, त्यामुळे ते मोबाइलवरही चालून जातं. शास्त्रीय गायनाची मैफल किंवा तुम्ही स्वतः केलेलं कच्चं रेकॉर्डिंग मात्र त्याच्या २०-२५ डेसिबल खाली असतं. तिथे एक व्होल्ट अपुरा पडतो.

हे फक्त ऐकण्याच्या हौसेपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मिक्सिंग करणारा मग ढोलकीचा, बेसचा आवाज वाढवतो. तेच गाणं गणपतीत मंडपातल्या स्पीकरवर लागलं की नुसतं घुमतं आणि गाणाऱ्याचे शब्द हरवतात. दोष मात्र माइकला दिला जातो.

मिलिवॅटची जाहिरात

अ‍ॅम्पच्या खोक्यावर ठळक अक्षरात ‘२०० मिलिवॅट’ लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात असतं ‘३२ ओहमला’. आमच्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित इथे पुरतं: मिलिवॅटला ओहमने गुणा, हजाराने भागा आणि वर्गमूळ काढा. २०० गुणिले ३२ भागिले १०००, म्हणजे ६.४, आणि त्याचं वर्गमूळ साधारण २.५ व्होल्ट. हाच अ‍ॅम्प २५० ओहमवर देणार २५ मिलिवॅट. दोनशेचे पंचवीस झाले म्हणून फसवणूक झाली असं वाटेल, पण गंमत अशी की २५ मिलिवॅट पुरतात. तेवढ्यावर हा हेडफोन ११० डेसिबलपर्यंत जातो. म्हणून खरेदी करताना मिलिवॅट सोडा, व्होल्ट शोधा. २ व्होल्ट असले तर काम भागतं, अडीच असले तर उत्तम.

काही डोंगलवर ४.४ एमएमचा बॅलन्स्ड जॅक असतो आणि त्यावर दुप्पट व्होल्टेज मिळतं. एचडी ६०० ची केबल निघते, त्याला ते वापरता येईल. डीटी ९९० प्रोच्या २५० ओहम मॉडेलची केबल पक्की जोडलेली असते. ती कापून नवी बसवायची नसेल तर त्या जॅकचे पैसे वाया.

स्वस्त अ‍ॅम्पचा आवाज ‘सपाट’ असतो, महागड्यात ‘मोकळा’, हे वाक्य यूट्यूबवर फार ऐकू येतं. एका निनावी अभियंत्याने २०११ साली ‘ओ-टू’ नावाच्या अ‍ॅम्पचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारं, साध्या सुट्या भागांचं. मोजमापं छापून त्याने दाखवलं की स्वच्छ आवाजाला फार पैसे लागत नाहीत. २०१२ नंतर तो लिहायचा थांबला. नाव त्याने कधीच सांगितलं नाही. दोन अ‍ॅम्पची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अडॅप्टरवरचा अ‍ॅम्प तेव्हा मुका होतो, डोंगल फोनच्या बॅटरीवर चालतो (बॅटरी मात्र लवकर उतरते). लॅपटॉपला जोडल्यावर गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. ती थांबली तर अ‍ॅम्प बदलू नका, घराचं अर्थिंग तपासून घ्या.

हेडफोन अजून घ्यायचाच असेल तर प्रश्न मुळातच टाळता येतो. डीटी ७७० प्रो ३२ आणि ८० ओहममध्येही येतो. बायरडायनॅमिकने २०२१ मध्ये आणलेले डीटी ७०० आणि ९०० प्रो एक्स ४८ ओहमचेच आहेत. कंपनीच खाली उतरली असताना आपण जुन्या फोटोंकडे बघून २५० ओहमचा हट्ट का धरावा, हे मला कळत नाही.

आणि अ‍ॅम्प घेतलाच, तर गेन ‘लो’वर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते. अडीचशे ओहमसाठी वाढवलेला आवाज तसाच ठेवून त्याच जॅकला १६ ओहमचे इअरफोन लावू नका. आधी व्हॉल्यूम शून्यावर, मग जॅक.