आंटींसाठी नाताळची गाणी

डिसेंबर लागला की आमच्या बेळगावच्या कॅम्पात कागदी चांदण्या लटकू लागतात, बेकऱ्यांतून प्लम केकचा वास यायला लागतो आणि दुकानादुकानांतून तीच ती चार-पाच इंग्रजी गाणी सुरू होतात. ती आपण ऐकतो आणि पुढे जातो. पण एखाद्या माणसासाठी नाताळची गाणी निवडायची झाली, तर कोणती निवडाल? वाचकहो, यंदा हा प्रश्न माझ्यापुढे खराखुरा येऊन उभा राहिला आहे.

आमच्या शेजारी चाळीस वर्षं राहिलेल्या आंटी मूळच्या गोव्याच्या. घरात कोंकणी, चर्चमध्ये इंग्रजी, माझ्याशी मराठी आणि शनिवारच्या बाजारात भाजीवाल्या अक्काशी कन्नड, असा त्यांचा चार भाषांचा संसार. गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे पुण्याला घेऊन गेली. विसर पडू लागला होता, गॅस तसाच राहायचा. परवा मुलीचा फोन आला. "मावशी, मम्मी कधी कधी मला ओळखत नाही. खरं संध्याकाळ झाली की काहीतरी गुणगुणत बसते. तुम्ही दोघी नेवऱ्या करताना कुठली गाणी लावायचात? तेवढी पाठवाल का?"

अशा आजारात नावं, तारखा, कालचं जेवण आधी पुसलं जातं आणि तरुणपणी ऐकलेली गाणी पुष्कळदा मागे टिकून राहतात, असं डॉक्टरही सांगतात. म्हणजे इथे प्रसिद्ध गाणं कोणतं हा प्रश्नच नाही. आंटींच्या हाताला पीठ लागलेलं असताना त्यांच्या तोंडात कोणतं गाणं असायचं, ते आठवायचं आहे.

पहिलं नाव जिम रीव्ह्जचं. हा अमेरिकन गायक १९६४ साली विमान अपघातात गेला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याची नाताळच्या बारा गाण्यांची तबकडी निघाली होती. गोव्यात आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत तो घरचाच होऊन गेला. आवाज असा की शेजारच्या खोलीत कुणी हलक्या आवाजात बोलतंय असं वाटावं. आंटींकडे कॅसेट होती, ती इतकी वाजली की मधेच आवाज लांबायचा. त्यातलं जुन्या नाताळ कार्डावरचं गाणं लागलं की त्या लाटणं थांबवायच्या. ते पाठवणारच.

दुसरं बोनी एमचं 'मेरीज बॉय चाइल्ड'. जर्मनीत जमवलेला गट, पण चारही चेहरे कॅरिबियन बेटांकडचे. हे गाणं जेस्टर हेअरस्टन यांनी लिहिलेलं, हॅरी बेलाफोन्टे यांनी १९५६ मध्ये गायलेलं. बोनी एमने १९७८ मध्ये त्याला नाचायचा ठेका दिला. ते लागलं की आंटी पिठाच्या हातानं टाळ्या द्यायच्या आणि ओट्यावर पांढरे ठसे उमटायचे.

'जिंगल बेल्स' मात्र मी वगळते आहे. नातवंडांना राग येईल, येऊ दे. जेम्स पिअरपाँट यांनी १८५७ साली छापलेल्या त्या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही. घोड्याच्या घसरगाडीतून बर्फात हुंदडण्याचं गाणं ते. आंटी त्याला पोरांचं गाणं म्हणायच्या आणि पोरं गेली की बंद करायच्या. नातीनं सुचवलेलं मराया कॅरीचं १९९४ चं गाणंही नको. छान आहे, पण आंटींच्या स्वयंपाकघरात ते कधी आलंच नाही.

'व्हाइट ख्रिसमस'वर मी दोन दिवस अडले होते. आपल्याकडे बर्फ कुठला! बेळगावची थंडी म्हणजे पहाटेचं धुकं आणि कानटोपी. पण या गाण्याची हकिकत कळली तेव्हा माझं मत फिरलं. ते लिहिणारे आयर्विंग बर्लिन रशियातून लहानपणी अमेरिकेला आलेले ज्यू. नाताळ त्यांचा सणच नव्हे. गाण्याच्या सुरुवातीचं एक कडवं बहुतेक गायक गाळतात. त्यात लॉस एंजलिसचं ऊन आहे, ताडाची झाडं आहेत आणि तिथे बसून उत्तरेकडच्या घराची आठवण काढणारा माणूस आहे. बर्लिन यांचं तीन आठवड्यांचं बाळ १९२८ च्या नाताळच्या दिवशीच गेलं होतं. बिंग क्रॉस्बी यांच्या आवाजात १९४२ मध्ये हे गाणं आलं आणि महायुद्धात घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणजे ते बर्फाचं नाहीच, घर दूर राहिलेल्या माणसाचं आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसलेल्या आंटींना ते पाठवावं की नाही? शेवटी पाठवायचं ठरवलं, पण पहिलं नको. मधे कुठेतरी.

आमच्या एका नातेवाइकांनी विचारलं, "आपल्यात नाताळ नसतो, मग ही गाणी तुम्हाला कशी पाठ?" मी त्यांना गोकुळाष्टमीची आठवण करून दिली. मध्यरात्री जन्म, मग पाळणा. आमच्या घरी पाळण्याची दोरी धरायला आंटी दर वर्षी यायच्या, आणि चोवीस डिसेंबरच्या रात्री आम्ही त्यांच्याकडच्या गोठ्याला नमस्कार करायचो. 'सायलेंट नाइट' ऐका, तोही पाळणाच आहे. योसेफ मोर या पाद्र्यानं १८१६ मध्ये जर्मन शब्द लिहिले, फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकानं चाल दिली आणि १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये दोघांनी गिटारवर ते गायलं. (उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला पुरावा नाही.) चाल अशी हेलकावे देत जाते की हात आपोआप दोरी शोधतो.

हा पाळण्याचा धागा सापडल्यावर मला आपल्या भाषा आठवल्या. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथली बोली शिकून त्यानं 'ख्रिस्तपुराण' रचलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या. जात्यावर आपल्या आज्या ज्या छंदात गात, त्याच छंदात येशूजन्म! रेव्हरंड टिळकांनी तर ख्रिस्ती भजनं आणि अभंग थेट मराठी चालींवर बसवले. कन्नडमध्येही तेच झालं. आपल्या घरातल्या मुलांना किटेल हे नाव शब्दकोशामुळे ठाऊक असतं, १८९४ चा. पण त्याच फर्डिनंड किटेल यांनी १८६२ मध्ये 'कथामाले' लिहून येशूचं चरित्र कन्नड छंदांत गुंफलं होतं. एक इंग्रज, एक जर्मन, दोघांनाही गोष्ट सांगायला इथल्याच मातीतला ठेका घ्यावासा वाटला.

आंटींचा देव कोंकणीत बोलायचा, म्हणून दोन कोंकणी गाणी मुलीनं शोधायची असं ठरलं आहे. एक हिंदीही घेते. 'जख्मी' (१९७५) मधलं लताबाई आणि सुषमा श्रेष्ठ यांचं, बप्पी लाहिरी यांच्या संगीतातलं. रेडिओवर लागलं की आंटी आवाज वाढवायला मला हाक मारायच्या, कारण त्यांचे हात नेवरीत. (तीच आमची करंजी, आणि सूनबाईची कर्जिकाई.)

आमची सूनबाई धारवाडची. गाणी पेनड्राइव्हवर उतरवायचं काम तिचं. नऊ गाणी झाली. दहावं काय घ्यावं, यावर परवा जेवताना चर्चा झाली. ती म्हणाली, तिच्या अज्जीचं कन्नड जोगुळ घेऊ या, ती स्वतः म्हणून मोबाइलवर भरते. नातू लहान असताना ती ते म्हणायची, तेव्हा आंटी आमच्या पायरीवर बसून ऐकायच्या. शब्द निम्मेच कळायचे, 'जो जो' तेवढं सगळ्यांचं सारखं.

मी म्हटलं, "अगं, खरं त्यानं आंटींना झोप लागेल की."

"अत्ते," ती म्हणाली, "मुलगी काय म्हणाली फोनवर? रात्र रात्र जाग्या असतात."

पेनड्राइव्ह सोमवारी कुरिअरनं जाईल. सोबत डबाभर नेवऱ्या.