स्तूपाच्या पायथ्याची जमीन कोण वाचणार?

सांचीला आपली माणसं बसेस भरून जातात. तोरणाजवळ फोटो होतात, त्रिशरण-पंचशील होतं आणि संध्याकाळी गाड्या परत निघतात. आम्हीही तेच करत आलो. टेकडीच्या आसपास शेतांमध्ये मातीचे लांबट उंचवटे आहेत. त्यांतली काही दोन हजार वर्षांपूर्वीची धरणं आहेत, हे आम्हाला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ज्युलिया शॉ यांचं काम वाचल्यावर कळलं. लाज वाटली, खोटं का बोला!

शॉ यांनी १९९८ पासून सांची-विदिशा परिसर पायी पिंजून काढला. क्षेत्र सुमारे ७५० चौरस किलोमीटर. एकटा स्तूप घेऊन बसायचं नाही, भोवतालच्या वस्त्या, विहार, डोंगर, पाणी सगळं एका नकाशावर आणायचं, ही त्यांची पद्धत. सोनारी, सातधारा, अंधेर, मोरेलखुर्द ही स्तूपांची ठिकाणं आधीपासून माहीत होतीच. पण त्यांच्या जोडीला जुन्या वस्त्या आणि सोळा-सतरा धरणं नोंदली गेली. मातीचा गाभा आणि वरून दगडी बांधणी. बांधांमागे साचलेल्या गाळाचे नमुने काढून काळ तपासला गेला. तिथल्या काळ्या जमिनीत गहू ओलीवरच येतो, त्याला धरण लागत नाही, म्हणून हे पाणी भातासाठी असावं, असा त्यांचा तर्क आहे.

आता हे आपल्या कामाचं का? कारण आपल्याला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलंय की भिक्खू म्हणजे समाजावर बसून खाणारे, बौद्ध धर्म म्हणजे संसार सोडून पळणाऱ्यांचा धर्म. विहार, धरण आणि शेती एकाच काळात, एकाच खोऱ्यात उभी राहताना दिसतात, तेव्हा ही टीका करणाऱ्यांनी पुरावा द्यावा. संघाचा शेतीपाण्याशी जवळचा संबंध होता असं शॉ मांडतात.

पण इथेच थांबा. हे धरण संघानेच बांधलं, असं तिथल्या बांधांवर कोरलेलं नाही. जुनागडच्या सुदर्शन तलावाचा इतिहास रुद्रदामनाच्या शिलालेखात आहे, तसा लेख या धरणांना नाही. तेव्हा उद्या कुणी व्हॉट्सअॅपवर ‘भारतातली सगळी धरणं बौद्धांनी बांधली’ असं फिरवलं, तर ते आपणच खोडून काढलं पाहिजे. प्रत्येक देवळाखाली विहार शोधायची घाई आपल्यातल्या काहींना फार झाली आहे. थर न बघता, खापर न बघता केलेला दावा समोरचा एका वाक्यात उडवतो आणि मग आपला खरा दावाही त्याच्याबरोबर उडतो.

बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क मागितला. पुढे १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या पाणी-प्रकल्पांचा पाया घातला. त्याच महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत आणि तिथे कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. २० मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्यांपैकी किती जण त्या टाक्यांपर्यंत चढतात? पाणी कुठून येतं, कुठे साठतं, खालच्या शेताशी त्याचा काही संबंध होता का, हे विचारणारा आपल्यातला एखादा तरी हवा.

पवनीचंही तेच. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९६९-७० मध्ये तिथे मिळून उत्खनन केलं आणि मोठे स्तूप उजेडात आणले. दीक्षाभूमीपासून दोन-अडीच तासांची वाट. दसऱ्याला नागपुरात लाखो लोक येतात, पवनीला त्यातले किती जातात ते तुम्हीच मोजा.

दुसरी एक गोष्ट आम्हाला डाचते. जमिनीचं वाचन आपल्याला नवीन नाही. गावच्या शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष घेतली जाई. कुठला दगड कुणाच्या हद्दीचा, पांढरी कुठवर आणि काळी कुठून, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, हे त्याला पाठ असे. ते ज्ञान वतनाच्या वेठबिगारीतून आलं होतं, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते उगीच नाही. पण वतन गेलं म्हणून ज्ञानही फेकून द्यायचं का? आज उत्खननाच्या खड्ड्यात मजूर म्हणून उतरणारी बहुतेक माणसं आसपासच्या वस्त्यांतली असतात. खापर पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागतं. अहवालावर नाव मात्र प्राध्यापकांचं.

म्हणून पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर वर्गात आपली पोरं दिसली पाहिजेत. सगळेच स्पर्धा परीक्षेला बसले तर खड्ड्याच्या वरच्या बाजूला उभं कोण राहणार? विद्यापीठांकडे अहवाल मराठीतून मागा, उत्खनन झालेल्या गावात तो वाचून दाखवायची मागणी करा. आणि एक विनंती: कुदळ घेऊन टेकाडावर जाऊ नका. खोदकामाला परवानगी लागते, शिवाय एकदा विस्कटलेला थर परत लागत नाही. चालायला, बघायला आणि लिहून ठेवायला मात्र कुदळ लागत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, टेकाडाचं नाव काय, तिथल्या विटा कुणाच्या घराला गेल्या. येत्या उन्हाळ्यात मुरमासाठी जेसीबी लागायच्या आत विचारा.