सही करण्यापूर्वीं वाचा

देवळा तालुक्यांत कांदा चाळींत भरतांना हिशेब चोख ठेवणारा आमचा शेतकरी मुलाच्या शाळेचा हिशेब मात्र कधीं विचारीत नाहीं. ‘शाळेचें मास्तरांना ठाऊक,’ म्हणून तो मोकळा होतो. अशा बांधवांसाठीं एका परदेशी ग्रंथाची ओळख करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अमेरिकन तत्त्ववेत्ते जॉन ड्यूई यांचा ‘लोकशाही आणि शिक्षण’ हा इंग्रजी ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकवीत, आणि तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. ड्यूई सांगतात कीं, लोकशाही म्हणजे केवळ मतें टाकणें नव्हे. ती मिळून जगण्याची रीत आहे. समाज पारखण्याच्या त्यांच्या कसोट्या दोन : आंतील माणसांचें हित किती समाईक आहे, आणि इतरांशीं त्यांची देवाणघेवाण किती मोकळी आहे? वाचकहो, जातवार वस्त्यांचें आपलें गांव या कसोटीवर घासून पाहा! बाबासाहेबांनीं १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधांत याच विचाराचा आधार घेतला.

ड्यूई यांचें दुसरें म्हणणें आमच्या कष्टकरी घरांस विशेष लागू पडतें. ग्रीसमध्यें गुलामांनीं राबावें आणि रिकाम्या लोकांनीं विचार करावा, अशी वांटणी होती. तिच्यामुळें हात आणि डोकें यांची ताटातूट झाली, ती शाळेंतहि उतरली. आमच्याकडे ही वांटणी जन्मावरून झाली. महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं, म्हणजे या ग्रंथाच्या चौतीस वर्षें आधीं, हंटर कमिशनपुढें स्पष्ट सांगितलें होतें कीं, सारा भरतो कुणबी आणि विद्येचा लाभ होतो वरच्या वर्गास.

मात्र हाताच्या शिक्षणाच्या नांवाखालीं सुताराच्या पोरास रंधाच आणि कुंभाराच्या पोरीस चाकच, असें कोणी म्हणेल तर सावध राहा. मद्रासेंत १९५३ सालीं मुलांनीं अर्धा दिवस बापाचा धंदा शिकावा अशी योजना निघाली. लोकांनीं ती जातीची बेडी म्हणून धिक्कारली, आणि १९५४ सालीं ती मागें घ्यावी लागली. ड्यूईहि काम शिकवा म्हणतात तें विचार वाढावा म्हणून, मुलाचें नशीब आधींच ठरवावें म्हणून नव्हे.

मग आपण करावें काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें जिल्हा परिषदेच्या शाळांस व्यवस्थापन समिती नेमणें भाग आहे. तींत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि दुर्बल घटकांतील पालकांस योग्य प्रमाणांत जागा हव्यात. शाळेचा कारभार पाहणें, विकासाचा आराखडा करणें आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणें हीं तिचीं कामें आहेत. पण घरीं आलेल्या वहीवर न वाचतां अंगठा उठविला, तर हा हक्क कागदावरच राहणार. बायांनो, तुमच्या जागेवर नवऱ्यानें जाऊन बसूं नये.

सभेस जा. खर्च वाचून घ्या, वाचतां येत नसेल तर पोरीकडून वाचवून घ्या, आणि न समजेल तें उभें राहून विचारा. कुणबी, सुतार, महार आणि भिल्ल आईबाप एका सतरंजीवर बसून एका शाळेचा विचार करतील, तेव्हां ड्यूईंचा ग्रंथ न उघडतांहि त्यांनीं तो वाचला असें आम्ही समजूं.