पिशवी काढली, मग गाठ आली कुठून?

आषाढी पौर्णिमेला बीडजवळच्या पाली गावी ग्रंथवाचनाला गेलो होतो. वाचन संपले, मंडळी घराकडे निघाली. एक मावशी मात्र बसून राहिल्या. वय पंचावन्नच्या पुढे. पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढून त्यांनी आमच्यापुढे धरला. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणले गाठ हाय, लवकर ऑपरेशन करा. पण माझी गर्भपिशवी तं कवाच काढली. मंग ही गाठ आली कुठून?"

मावशींचा प्रश्न साधा होता. पण त्यामागे आपल्या जिल्ह्याची मोठी कहाणी आहे. मावशींनी वीस वर्षे ऊस तोडला. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर. अशात अंगावरून जाऊ लागले. "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल," असे कुणी डॉक्टर म्हणाले आणि पस्तिशीच्या आतच पिशवी काढली. पैसे उचलीतून. आता पुन्हा तोच शब्द कानी आला आणि मुलगा मुकादमाकडे उचल मागायला निघाला. एका कागदापायी लेकसुनेचा कोयता गहाण पडणार होता.

मावशी एकट्या नाहीत. २०१९ साली हा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड भगिनींची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण पिशवी काढण्याला आळा घालण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले. या भगिनी आता वयाने वाढत आहेत. म्हणून मावशींच्या प्रश्नाचे उत्तर घराघरांत ठाऊक असायला हवे.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. पिशवी काढताना पुष्कळदा ते आतच ठेवतात. पाळी बंद झाली की ते आक्रसतात, पण असतात. त्यांत पाण्याने भरलेला फुगा तयार होऊ शकतो. डॉक्टर त्याला सिस्ट म्हणतात. पिशवी काढलेल्या बाईलाही तो होतो. आधीच्या ऑपरेशनमुळे त्याची भीती संपत नाही, आणि तो दिसला म्हणजे कॅन्सर झाला असेही नाही.

मग ओळखायचे कसे? सोनोग्राफीच्या कागदावरच निम्मे उत्तर असते. डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. गाठ किती सेंटिमीटरची आहे? एका बाजूला की दोन्ही बाजूंना? आत नुसते पाणी आहे की पडदे आहेत? घट्ट मांसल भाग आहे का? पोटात पाणी साठले आहे का? यासोबत रक्ताची 'सीए १२५' नावाची तपासणी करतात. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, एकाच बाजूची, आत नुसते पाणी आणि रक्ताचा आकडा ३५ च्या आत असेल, तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी असते. अशा पुष्कळ गाठी आपोआप विरतात. चार ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून पाहतात. मात्र रक्ताचा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. पोटाच्या टीबीनेही तो वाढतो. तसेच, नीट चित्र दिसावे म्हणून सोनोग्राफी योनीमार्गातून करतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सोबत बाईमाणूस हवे असे सांगावे.

आता दुसरी बाजू. गाठीत घट्ट भाग असेल, पडदे असतील, पोटात पाणी असेल, घरात आई-बहिणीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झालेला असेल, तर एक दिवसही दवडू नये. पोट सतत फुगलेले, दोन घासांत भरल्यासारखे वाटणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवी, वजन उतरणे, ही लक्षणे 'गॅस झाला' म्हणून अंगावर काढू नयेत. पाळी गेल्यावर वर्षानंतर रक्ताचा डाग दिसला तरी दाखवावे. एकाएकी असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठावा.

मावशींबरोबर त्यांची बहीण जिल्हा रुग्णालयात गेली. गाठ तीन सेंटिमीटरची, आत नुसते पाणी, रक्ताचा आकडा ठीक. डॉक्टरांनी चार महिन्यांनी बोलावले. ते चार महिने मावशींना सोपे गेले नाहीत. "रातच्याला हात आपसूक पोटावर जातो," असे त्या म्हणत. दुसऱ्या वेळी गाठ तेवढीच होती. आणखी एकदा दाखवायचे आहे. मुलाने उचल घेतली नाही.

एखाद्या भगिनीला ऑपरेशन लागलेच तर तेही सावकारीशिवाय होऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्या आवाक्यातले आहे.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की, सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, पारखून घ्या. डॉक्टरांचा मान ठेवावाच, पण प्रश्न विचारणे म्हणजे अपमान नव्हे. विनाकारण चाकू आणि भीतीपोटी केलेली टाळाटाळ, दोन्हींपासून हाच उपदेश वाचवील.

बांधवांनाही एक सांगणे आहे. दुर्गंधीत एकटा पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाबरोबर स्वतः आंघोळ घातली. 'बायकांचे दुखणे' म्हणून आपण दाराबाहेर थांबतो, ते आता सोडू या. आईचा, पत्नीचा कागद हातात घ्या, तिच्याबरोबर जा आणि वरचे पाच प्रश्न तिच्या शेजारी बसून विचारा.

जयभीम.